टाके निघाल्यानंतरचे नऊ महिने

बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३० जुलै २०२२ रोजी सांगलीच्या संकेत सरगरने वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवले. भारताचे त्या स्पर्धेतले ते पहिले पदक. स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५, एकूण २४८ किलो. सुवर्ण जिंकणाऱ्या मलेशियाच्या खेळाडूने २४९ उचलले. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात संकेतचे उजवे कोपर दुखावले, तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला उतरला आणि तोही फसला. पदक घेताना त्याचा हात गळ्यात बांधलेला होता. पुढे लंडनमध्ये कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि तिच्यासाठी केंद्र सरकारने सुमारे ३० लाख रुपये मंजूर केले.

एवढी बातमी सगळ्यांनी वाचली. शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूचा दुसऱ्या दिवसापासूनचा दिनक्रम काय असतो, हे मात्र बातमीत कधी येत नाही. सातारा-सांगलीत कुस्तीची तालीम, कबड्डीचे मैदान, मल्लखांबाचे मंडळ, नाहीतर पोलीस भरतीची अकादमी, कुठेही जा, कुणाचा तरी गुडघा पट्ट्यात असतोच. ऑपरेशनची सोय लांब नाही. मिरजेत मिशन हॉस्पिटलच्या काळापासून, म्हणजे १८९०च्या दशकापासून, शस्त्रक्रियेची परंपरा आहे; कराडला वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि फिजिओथेरपीचेही. टाके दहा-पंधरा दिवसांत निघतात. त्यानंतर जो भेटेल तो वेगळे सांगतो. आजी म्हणते, सहा महिने हलू नकोस. मित्र म्हणतो, माझा आतेभाऊ तीन महिन्यांत पळायला लागला. वस्ताद म्हणतात, तेल लावून चोळ, सांधा मोकळा होईल. तिन्ही सल्ले मायेचे आहेत, आणि तिन्ही चुकीचे.

इथे मी मुख्यतः मुलींच्या गुडघ्याबद्दल लिहिणार आहे, आणि त्यातही उंचावरून उतरावे लागते अशा खेळांतल्या. चिअरलीडर म्हटले की आपल्याला आयपीएलच्या सीमारेषेबाहेर नाचणाऱ्या मुली आठवतात. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत मात्र हा एकमेकींच्या खांद्यांवर उभे राहण्याचा, साथीदाराला हवेत उडवून झेलण्याचा चांगलाच अवघड खेळ आहे. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. आपल्याकडे त्याच्या जवळपास जाणारे म्हणजे गोविंदांचे थर, शाळेतले पंधरा ऑगस्टचे मनोरे आणि मल्लखांब. खेळ कुठलाही असो, वर जाताना दुखापत क्वचित होते. होते ती खाली येताना.

मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरका बांधणारा एक आखूड बंध असतो. डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात, गावात ‘लिगामेंट’ एवढेच म्हणतात. नडगी पुढे सरकू न देणे आणि गुडघा पिळवटू न देणे, ही त्याची कामे. उडीनंतर पाय जमिनीला टेकताना गुडघा पुरेसा वाकला नाही आणि आतल्या बाजूला कोसळला, की क्षणार्धात तो तुटतो. बहुतेक वेळा समोरच्याचा धक्कासुद्धा लागलेला नसतो. ‘फट्’ असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा टम्म फुगतो. एकसारख्या खेळात मुलींना ही दुखापत मुलांच्या दोन-तीन पट होते. कारणांविषयी अभ्यासकांत वाद आहेत: कमरेची ठेवण, संप्रेरके, लहानपणापासून मिळालेले कमी ताकदीचे प्रशिक्षण. यातले तिसरे कारण आपल्या हातात आहे, म्हणून मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते.

पूर्ण तुटलेला हा बंध सहसा पुन्हा नीट जुळत नाही. म्हणून उड्या-वळणांचा खेळ खेळायचा असेल तर बहुधा नवा बसवतात. खेळाडूच्याच शरीरातला एक कंडरा काढायचा, हाडांत बोगदे पाडून त्यातून ओवायचा आणि स्क्रूने घट्ट करायचा. कंडरा बहुतेक वेळा मांडीच्या मागून घेतात, नाहीतर वाटीखालून. इथे एक गोष्ट ऑपरेशनच्या आधीच बोलायला हवी आणि ती फार कमी पालक बोलतात. आपली मुलगी नेमके काय खेळते, हे सर्जनला सविस्तर सांगा. मल्लखांबावर आढी मारताना किंवा दोरीवर तिढी घालताना गुडघा पूर्ण मिटवून पकड धरावी लागते; मांडीमागचा कंडरा काढल्यावर नेमकी त्याच कोनातली ताकद कमी पडू शकते. उलट वाटीखालचा कंडरा घेतला तर गुडघे टेकताना दुखण्याची शक्यता जास्त, आणि कुस्तीत, कबड्डीत गुडघे टेकल्याशिवाय चालत नाही. कुठला चांगला याचे एकच उत्तर नाही. पण ‘खेळते’ एवढेच सांगितले तर डॉक्टर तरी काय ठरवणार?

आता त्या नव्या बंधाचे काय होते ते पाहू, कारण पुढची सगळी पथ्ये त्यातून निघतात. जागा बदललेल्या कंडऱ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. सुरुवातीच्या आठवड्यांत त्यातल्या बऱ्याच पेशी मरतात. मग आजूबाजूने नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात आणि तंतूंची मांडणी हळूहळू बदलते. पाटण-जावळीकडे भाताची लावणी पाहिलेल्यांना हे लगेच कळेल: उपटून लावलेला तरवा आधी पिवळा पडतो, मग मूळ धरतो. गुडघ्यातली ही लावणी साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सर्वांत नाजूक असते. घोळ असा की नेमक्या त्याच सुमाराला सूज ओसरलेली असते, दुखणे थांबलेले असते आणि मुलगी घरात भराभर चालत असते. सगळ्यांना वाटते, बरी झाली. बंध पूर्ण पिकायला वर्ष-दीड वर्ष जाते आणि आत काय चालले आहे हे वेदनेवरून कळत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांचे काम दिसायला क्षुल्लक आहे: गुडघा पूर्ण सरळ करणे, सूज उतरवणे आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा करणे. गुडघ्यात पाणी असेपर्यंत मज्जासंस्था त्या स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाही. मुलगी कितीही जिद्दी असली तरी मांडी थुलथुलीत पडते. पाय सरळ ठेवून गुडघा गादीवर दाबणे, पाय ताठ उचलणे, घोटा हलवत राहणे, हे दिवसातून अनेकदा करायचे. आपल्या घरांत हमखास होणारी चूक म्हणजे गुडघ्याखाली उशी. बरे वाटते, पण गुडघा वाकलेलाच राहतो, आणि जो गुडघा सुरुवातीच्या आठवड्यांत पूर्ण सरळ झाला नाही तो पुढे फार छळतो. उशी टाचेखाली द्या. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, भारतीय पद्धतीचा संडास, स्कूटीला किक मारणे, हे सगळे डॉक्टर सांगतील तोवर बंद. घरात कमोड नसेल तर पत्र्याची-प्लास्टिकची संडास-खुर्ची मिळते. ऑपरेशनच्या आधी आणून ठेवा. पोटरी दुखून सुजली, दम लागला, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मालिशबद्दल स्पष्ट लिहितो. तालमीत मालिशला मान आहे आणि थकलेल्या निरोगी अंगाला ती सुखाची असते. पण ताज्या दुखापतीवर, विशेषतः कोपरावर, जोराने चोळणे आणि सांधा ओढूनताणून मोकळा करणे घातक आहे. कोपराजवळच्या दुखावलेल्या स्नायूत त्यामुळे हाड तयार होऊ शकते आणि हात कायमचा अडकू शकतो. भारतातल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी हे इतक्यांदा पाहिले आहे की वैद्यकीय विद्यार्थ्यांना ते आवर्जून शिकवतात. कोपर प्लास्टरमध्ये गरजेपेक्षा जास्त दिवस राहिले तरी आखडते. त्यामुळे त्याची हालचाल लवकर सुरू करायची, पण ती खेळाडूने स्वतःच्या ताकदीने, ठरवून दिलेल्या कोनापर्यंतच.

मग या काळात सराव बंद ठेवायचा का? मुळीच नाही. जखमी गुडघा म्हणजे जखमी मुलगी नव्हे; तिचे दोन हात, पाठ, पोट आणि दुसरा पाय शाबूत आहेत. खुर्चीवर बसून डंबेल, पोटाचे व्यायाम, पाठीवर झोपून खांद्यांचे ताण, बोटांच्या पकडीचा सराव, यातले बरेचसे फिजिओच्या संमतीने पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होऊ शकते. बसून दोरी ओढता येते. पण लोंबकळायचे असेल तर दांडी इतकी खाली हवी की बसल्या जागेवरून हाताला येईल. पुल-अप्समध्ये गुडघ्याला काही होत नाही. सेट संपल्यावर सवयीने खाली मारलेल्या उडीत होते.

शाबूत पायाला व्यायाम दिला तर जखमी पायाचाही फायदा होतो, हे बऱ्याच प्रशिक्षकांना पटत नाही. पण ते जुने आणि पुन्हा पुन्हा तपासलेले सत्य आहे. अमेरिकेत येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी १८९४ मध्ये दाखवले की एका हाताला ताकदीचा सराव दिला तर सराव न दिलेल्या हाताचीही ताकद थोडी वाढते. दुसरा स्नायू त्यामुळे मोठा होत नाही; मेंदू आणि मज्जातंतू त्याला हुकूम देण्यात तरबेज होतात. हालचालीला बंदी असलेल्या अवयवाची ताकद फार घसरू नये म्हणून फिजिओथेरपिस्ट आज याचा उपयोग करतात. शाबूत पायाच्या बैठका ‘एकाच पायाची मांडी फुगेल’ या भीतीने बंद करू नका. फक्त बसून किंवा आधार धरून करा. तोल गेला तर जखमी पाय आपोआप पुढे येतो.

खुराकाबद्दल तालमीला काही शिकवायची गरज नाही असे वाटेल, पण उलटच घडते. मुलगी खेळत नाही म्हणून तिचे दूध-अंडी कमी होतात आणि ‘वजन वाढेल’ म्हणून जेवणही. पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने झिजतात आणि जखम भरायलाही प्रथिने लागतात. याच काळात डाळी, दूध, अंडी, मटकी, जमेल ते प्रत्येक जेवणात हवे. वजनगटाची काळजी नंतर करता येते.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर पळण्याचा प्रश्न येतो आणि इथून कॅलेंडर फसवू लागते. ‘डॉक्टरांनी सहा महिने सांगितलेत’ हे वाक्य मी जितके ऐकतो तितकी मला धास्ती वाटते, कारण सहा महिने नुसते घालवले तरी संपतातच. महिने ही किमान अट आहे. ती पुरी झाली म्हणजे परवानगी मिळाली असे नव्हे. पळण्याआधी गुडघ्यात सूज नसावी, तो पूर्ण सरळ व्हावा, न लंगडता भराभर चालता यावे आणि एका पायावर उठबस करताना गुडघा आत कोसळू नये. त्यानंतर पळणे, मग दोन पायांवर छोटी उडी, मग एका पायावर, मग वळणे, सर्वांत शेवटी उंचीवरून उतरणे. प्रत्येक पायरीला नियम एकच: दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा पाहायचा. सुजला असेल तर कालचे जास्त झाले, एक पायरी खाली या.

खेळात परतण्याआधीची परीक्षा साधी आहे आणि बरीचशी मैदानावरच घेता येते. एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या, रेघेच्या दोन्ही बाजूंना तिरक्या उड्या, आणि एका पायावर सहा मीटर अंतराची वेळ. मांडीची ताकद यंत्रावर मोजता आली तर उत्तमच. जखमी पाय दुसऱ्याच्या किमान ९० टक्के भरला पाहिजे. यात एक पळवाट आहे: सहा-आठ महिन्यांत चांगला पायही कमजोर झालेला असतो आणि दोन्ही अशक्त पाय एकमेकांशी छान जुळतात. म्हणून चांगल्या पायाची मोजमापे ऑपरेशनच्या आधीच वहीत लिहून ठेवावीत. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, नऊ महिने पूर्ण होईपर्यंत परतीला लावलेल्या प्रत्येक महिन्याच्या विलंबागणिक पुन्हा दुखापतीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटलेले दिसले. नऊच्या पुढे थांबून तसा फरक पडला नाही. दुसरीकडे, पंचविशीच्या आतल्या आणि खेळात परतलेल्या खेळाडूंपैकी साधारण चौघांत एकाचा तोच किंवा दुसरा गुडघा पुन्हा जातो. हा आकडा मुलीपासून लपवू नये. तो कळल्यावर बहुतेक मुली व्यायाम जास्त मनापासून करतात.

यावर कुणीही सांगलीकर लगेच स्मृती मानधनाचे नाव घेईल, आणि ते बरोबरच आहे. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात बिग बॅश खेळताना तिच्या गुडघ्याचा हाच बंध दुखावला. विश्वचषकाची पात्रता स्पर्धा हुकली. पण २४ जूनला डर्बीला इंग्लंडविरुद्ध तिने ९० धावा केल्या आणि २९ जूनला टाँटनला वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६. पाच महिन्यांत! ही जिद्द मोठीच, पण हे उदाहरण मल्लखांबावरच्या चौदा वर्षांच्या मुलीला लावू नका. सज्ञान व्यावसायिक खेळाडूच्या मागे राष्ट्रीय अकादमीतले फिजिओ, यंत्रे आणि रोजची देखरेख असते, आणि फलंदाजाला दोरीवरून उडी मारून उतरायचे नसते. शिवाय त्या दोन खेळींनंतर उरलेल्या विश्वचषकात तिची बॅट थंडावली. अंतिम सामन्यात ती शून्यावर बाद झाली. याचे कारण गुडघाच होता असे मी म्हणत नाही. पण परतलेल्या खेळाडूला पुन्हा लय सापडायला वेळ लागतो, हे सातत्याने दिसते.

लय जाते त्यात भीतीचा वाटा मोठा असतो. ज्या उडीत गुडघा गेला तीच उडी समोर आली की पाय आखडतो, आणि आखडलेला पाय धोकादायक असतो. ‘घाबरतेस काय’ म्हणून ही भीती जात नाही. आधी गादीवर, मग निम्म्या उंचीवरून, प्रशिक्षकाचा हात कमरेला, असे तिला सावकाश उतरवावे लागते. त्याआधीच्या महिन्यांत तिला मैदानापासून तोडू नये. गुण लिहिणे, लहान मुलींचा वॉर्म-अप घेणे, व्हिडिओ काढणे, काहीही काम द्या, पण रोज बोलवा. घरी बसलेल्या मुलीच्या कानावर ‘मुलीची जात, आता पुरे झाले’ हे वाक्य आठवड्यातून चारदा पडते. कित्येकींचा खेळ गुडघा बरा होऊनही तिथेच संपतो.

आणखी एक धोका हल्ली वाढला आहे: भरतीची तारीख किंवा राज्य स्पर्धा जवळ आली की वेदनाशामक गोळी घेऊन सराव, नाहीतर कुणीतरी जिममध्ये सुचवलेले ‘लवकर भरून येणारे’ इंजेक्शन. गोळीने दुखणे झाकले जाते, बंध मजबूत होत नाही. इंजेक्शनात बहुधा स्टेरॉइड असते. ताकदीची स्टेरॉइड्स खेळात कायमच बंद आहेत. सांध्यात देतात ती सूज कमी करणारी इंजेक्शनेसुद्धा १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. डॉक्टरांना ‘मी स्पर्धा खेळते’ हे पहिल्याच भेटीत सांगावे.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन आले. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकला ते गेले नाहीत. गुडघ्याच्या दुखापतीने ती संधी हिरावली. दुर्बिणीतून एसीएलची पुनर्बांधणी इंग्लंडमध्ये डेव्हिड डँडी यांनी पहिल्यांदा केली ती १९८० मध्ये. खाशाबांच्या काळात गुडघा गेला की पैलवान बहुधा आखाड्यातून उठायचाच. आज त्यांच्याच तालुक्यात ही शस्त्रक्रिया होते. उणीव आहे ती त्यानंतरच्या नऊ महिन्यांची. माण-खटावच्या किंवा जतच्या मुलीला आठवड्यातून तीनदा एसटीने फिजिओथेरपीला येणे परवडत नाही. तिला पंधरा दिवसांतून एक भेट, घरी करायच्या व्यायामांचा छापील तक्ता आणि मोबाईलवर व्हिडिओ पाहून चुका सांगणारा माणूस, एवढे मिळाले तरी पुष्कळ साधते. आणि गुडघा जाण्याआधीच, प्रत्येक सरावापूर्वी पंधरा-वीस मिनिटे उतरण्याचा, एका पायावर तोल सांभाळण्याचा आणि मांडीमागच्या स्नायूंचा ठरावीक वॉर्म-अप घेतला तर मुलींमधल्या या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात, असे अनेक देशांतल्या पाहण्यांनी दाखवले आहे. त्याला एक रुपयाही लागत नाही.

तुमच्या घरात अशी एखादी मुलगी असेल तर एवढे करा: पुढच्या तपासणीला जाताना तिच्या प्रशिक्षकांनाही बरोबर न्या, आणि काय चालेल, काय चालणार नाही, हे डॉक्टरांकडून त्यांच्यासमोर लिहून घ्या.